मेंढीला तीट

विद्याचा त्या दिवशीचा राग वड्यांपासून सुरू झाला, आणि खरं सांगायचं तर वड्यांचा त्यात काडीचाही दोष नव्हता.

ऑक्टोबरातला शनिवार. आयर्लंडमधल्या ॲडम्सटाउनच्या त्या घरात सकाळी सकाळी बटाटेवड्यांचा घाणा पडत होता. तेलाचा वास स्वयंपाकघरातून निघून थेट मागच्या दारापर्यंत गेला होता, आणि मागच्या दाराशी पुठ्ठ्याच्या खोक्यात, चारी बाजूंनी वर्तमानपत्राचे बोळे खुपसून बसवलेली विद्याची मेंढी होती.

"आई, खिडकी उघड ना! तेल बसेल तिच्या अंगावर!"

"उघडलीये. माझी बोटं गोठली थंडीनं," झाऱ्यानं वडे उलटत पद्मिनीबाई म्हणाल्या. "आणि झाडाला कसलं गं तेल बसतंय? एवढं असेल तर कांद्याचं नाव काढायची पण चोरी होईल या घरात."

मेंढी म्हणजे झाडच ते. न्यूझीलंडच्या उंच डोंगरांवर, उघड्या कातळावर वाढणारं. पानं इतकी बारीक आणि इतकी दाट की पान म्हणून वेगळं दिसतच नाही. सगळी मिळून पांढुरक्या लोकरीची एक गच्च उशी. लांबून बघणाऱ्याला मेंढी बसलीये असंच वाटतं, म्हणून नावही तेच पडलेलं. विद्यानं ती बियांपासून वाढवली होती. सात वर्षांत मेंढी जेमतेम मोठ्या वाटीएवढी झाली होती. वरून पाणी पडलं की आतून कुजलीच समजा, म्हणून कुंडी वाळूत पुरून ठेवायची आणि पाणी वाळूला द्यायचं, झाडाला नाही. वर काचेचं छप्पर, बाजूनं वारा खेळता. मागच्या वीतभर अंगणात विद्यानं तेवढ्यासाठी काचेचं खोपटं बांधून घेतलं होतं. तिचा नवरा आशुतोष म्हणायचा, "माझ्या तब्येतीची एवढी चौकशी झाली असती तर मी पहिलवान झालो असतो." त्याच्या असल्या बोलण्यानंही तिच्या कपाळावर आठी पडायची. आज तो कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात शिफ्टला गेला होता, ते एका अर्थी बरंच झालं.

आता विद्या काही साधीसुधी बाई नव्हे. क्लोनडॉकिनकडे एका औषधाच्या कारखान्यात ती क्वालिटी कंट्रोलला होती. तिची सही झाल्याशिवाय तिथून एक गोळी बाहेर पडत नसे. पण अशी डोंगरी झाडं वाढवणाऱ्यांच्या क्लबात तिची ओळख काय? वडे! पहिल्याच मीटिंगला सगळे काही ना काही खायला आणतात असं कळलं, म्हणून हिनं हौसेनं वडे करून नेले आणि तिथेच माती खाल्ली. तेव्हापासून दर कार्यक्रमाआधी सेक्रेटरी नोरीनबाईंचा ईमेल ठरलेला: "विद्या, तुझे ते सुंदर समोसे आणशील ना?" समोसे! हे समोसे नाहीत, वडे आहेत, हे तिनं कितीदा सांगितलं असेल. नोरीनबाई मान डोलवायच्या, "ग्रँड, ग्रँड" म्हणायच्या आणि पुढच्या ईमेलात पुन्हा समोसे. झाडांवर बोलणं निघालं की मात्र सगळी माणसं एकमेकांकडे तोंड करून बसायची. हिनं एखादा प्रश्न विचारला तर उत्तर द्यायची, नाही असं नाही. पण हिला कुणी कधी विचारलं? एकदाही नाही.

म्हणून तिला क्लबाच्या आजच्या झाडांच्या शोमध्ये पहिला नंबर हवा होता. कप नको, कपाट भरायचं नव्हतं तिला. त्या हॉलात तिच्या कुंडीपुढे पहिल्या नंबराचं लाल कार्ड लागावं, सगळ्यांनी तिथे थांबावं, आणि समोसेवाली बाई ही ओळख त्या दिवशी मरावी, एवढंच हवं होतं. दोन हजार वीसच्या मार्चमध्ये मेंढी तयार होती, नजर ठरणार नाही अशी. शो चार दिवसांवर आला आणि सगळं आयर्लंड बंद. त्यानंतर दीड वर्ष घरातूनच काम, घरातच माणसं, आणि मागे खोपट्यात ती मेंढी. त्या दीड वर्षात विद्यानं नवऱ्याशी जितकं बोलणं केलं नसेल तितकं त्या झाडाशी केलं.

"झाले का वडे? नऊला निघायचंय!"

"झाले बाई, झाले. लग्नघरात सुद्धा एवढी घाई नसते."

पद्मिनीबाई सप्टेंबरात आल्या होत्या. व्हिसा पुन्हा सुरू झाले आणि पहिल्या झटक्यात साताऱ्याहून त्या लेकीकडे आल्या. दोन वर्षांनी भेट. पण आल्या दिवसापासून ऐकतायत काय, तर याला हात लावू नको, त्याला पाणी घालू नको, तो दरवाजा उघडा ठेव, तो बंद कर. त्या काही गरीब गाय नव्हत्या, दर वेळी एक टोला परतवायच्याच. आज मात्र त्या खुशीत होत्या. लेकीच्या झाडाचं प्रदर्शन म्हणून मोरपंखी साडी काढली, वर जाड कार्डिगन, पायात मोजे घालून बूट, डोळ्यांत काजळ. आरशात बघून म्हणाल्या, "बघ, तुझ्या मेंढीची आजी शोभते की नाही?"

"आई, प्लीज," विद्या म्हणाली. "चल."

गाडीत डिकीत झाड ठेवायचा प्रश्नच नव्हता. एका खड्ड्यात कुंडी उलटली की संपलं. वड्यांचे डबे मागच्या सीटवर गेले आणि मेंढी खोक्यासकट पद्मिनीबाईंच्या मांडीवर. "फक्त धरून बस," विद्यानं बजावलं. "वरून हात फिरवायचा नाही. फुंकर घालायची नाही. काही नाही." पद्मिनीबाईंनी हो म्हटलं आणि हायवेवरून सँडीफोर्डपर्यंत खरोखरच श्वाससुद्धा जपून घेतला.

हॉल सँडीफोर्डच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, एका चर्चला लागून होता. पाऊस भुरभुरत होता. विद्यानं गाडी दाराजवळ लावली, मास्क चढवला. "तू बस. मी आत जाऊन नंबर घेते, जागा बघते, मग मेंढीला नेते," असं म्हणून ती आत गेली. दारात लसीचं सर्टिफिकेट दाखवायचं, हाताला सॅनिटायझर लावायचं, रांग. त्यातून सुटली तर नोरीनबाईंनी गाठलं. "विद्या! समोसे आणलेस ना?" डबे कुठे ठेवायचे, चहा कधी, गरम करायला ओव्हन कुठला, यातच वेळ गेला. झाड कुठलं आणलंस, हे त्या माउलीनं विचारलं नाही ते नाहीच. विद्या दात आवळून परत आली.

पद्मिनीबाईंचा चेहरा मात्र फुलला होता. "विद्या, अगं काय ती माणसं! जो तो काचेला नाक लावून बघतोय. एका बाईनं तर मला काच खाली करायला लावली. ब्यूटिफुल, ब्यूटिफुल करत होती. एक म्हातारा फोटो काढून गेला."

ते ऐकून विद्याचा राग जरा निवळला. तिनं अलगद कुंडी उचलली, आत नेली, तिच्या गटाच्या टेबलावर काळ्या कापडावर ठेवली. नेहमीची दर्शनी बाजू पुढे केली. मऊ ब्रशनं कडेचे खडे सारखे केले. शेजारच्या टेबलावर निळ्या फुलांची जेंशियन होती, गुलाबी फुलांची सायक्लेमन होती, सगळी देखणी. पण तिच्या मेंढीसारखं दुसरं काही नव्हतं, हे तिला कळत होतं. आणि ते इतरांनाही कळलं होतं. क्लबातले दोघं-तिघं येऊन थांबले. "ही तू वाढवलीस?" एकानं विचारलं. "बियांपासून?" विद्यानं फक्त मान हलवली.

मग घंटा वाजली. परीक्षण सुरू व्हायचं तर सगळ्यांनी बाहेर जायचं, असा नियम. हॉलचं दार बंद झालं आणि सगळी मंडळी बाजूच्या खोलीत चहाला गेली. तिथे पद्मिनीबाईंचे वडे मांडले होते आणि पुढे नोरीनबाईंच्या अक्षरात पाटी: विद्याज समोसाज. विद्यानं पाटीकडे बघितलं आणि राग गिळला. आज नाही. आज एकदा ते दार उघडू दे, मग बघू.

दार उघडलं.

मेंढी जागेवर नव्हती.

काळ्या कापडावर कुंडीचा गोल ओला ठसा तेवढा होता. शेजारच्या कुंडीपुढे लाल कार्ड. विद्याला आधी वाटलं, सगळ्यांत उत्तम झाडं मधल्या मोठ्या टेबलावर नेतात, तिथे नेलं असेल. बिचारी धावत तिकडे गेली सुद्धा. नव्हती. तिनं सगळी टेबलं पालथी घातली. कुणाला विचारावं तर माणसं नजर चुकवायला लागली. शेवटी शोमध्ये मदतीला असलेला, स्टुअर्डचा बिल्ला लावलेला एक मुलगा म्हणाला, "पोर्चमध्ये असेल. रोगट झाडं तिथे काढून ठेवतात. बाकीच्यांना लागण नको म्हणून."

रोगट!

पोर्चमध्ये फरशीवर, छत्र्यांच्या स्टँडला टेकून मेंढी ठेवलेली होती. वरच्या एका मोठ्या काळ्या छत्रीच्या टोकावरून पाणी गळत होतं. टप, टप, थेट तिच्या पाठीवर. सात वर्षांत जिच्यावर पावसाचा थेंब येऊ दिला नव्हता, ती अर्धी भिजून करडी पडली होती. कुंडीला एक चिठ्ठी अडकवलेली: मागच्या बाजूला कूज, वाईट वाटतं.

विद्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं ती छत्री उचलली आणि भिरकावली, अक्षरशः भिरकावली. छत्री भिंतीवर आपटून खाली पडली तसा आतला गलका थांबला.

"कुणी ठेवलं हे इथे?" ती ओरडली, इंग्रजीत. "कुणी? पाण्याखाली? हे झाड काय आहे हे माहीत नसेल तर परीक्षण कशाला करता? कसली कूज? दाखवा मला! माझ्या झाडाला कूज नाही! बाकी सगळ्यांची झाडं आत आणि माझंच दारात, छत्र्यांपाशी!"

गर्दी जमली. नोरीनबाई "विद्या, लव्ह, शांत हो" करत आल्या, तर विद्या त्यांच्यावरही उखडली. "मी शांत होणार नाही!" त्या दोन पावलं मागे सरल्या. मग गर्दीतून परीक्षक पुढे आले. डेस्मंड नावाचे उंच, वाकलेले गृहस्थ, आयुष्य डोंगरी झाडांत गेलेलं. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरलेली. ते गुडघे टेकून फरशीवर बसले. कुंडी फिरवली.

मागच्या बाजूला, खाली, लोकरीत, चांगला बोटाच्या पेराएवढा काळा डाग होता.

विद्या जवळ वाकली. सकाळी नव्हता हा डाग. काल रात्री तर नव्हताच नव्हता.

डेस्मंडनी चष्मा काढून पुसला. खिशातून टिश्यू काढला, डागावर हलकेच टेकवला. टिश्यू काळा झाला. खाली लोकर होती तशी, पांढरी, धड. त्यांनी टिश्यू नाकापाशी नेला. "ही कूज नाही," ते म्हणाले. "तेलकट आहे. हा तर मेकअप वाटतो मला."

विद्यानं मान वर केली. गर्दीच्या कडेला पद्मिनीबाई वड्यांचा ट्रे हातात घेऊन उभ्या होत्या. डोळ्यांत काजळ. डाव्या डोळ्याचं खालून थोडं पुसलेलं.

"आई." विद्याचा आवाज चिरका निघाला. "तू हात लावलास?"

"हात कशाला लावू? तीट लावली नुसती," पद्मिनीबाई म्हणाल्या. त्यांना अजून काही उमगलं नव्हतं. "करंगळीनं. मागच्या बाजूला, दिसणार नाही अशी. येणारा-जाणारा डोळे फाडून बघत होता गं तिच्याकडे. नजर लागली असती म्हणजे?"

"तूच लावलीस की नजर!" विद्या किंचाळली. आता मराठीत. "परीक्षक कुंडी सगळीकडून फिरवून बघतात, आई! मागून, खालून, सगळीकडून! सांगितलं होतं ना हात लावू नकोस म्हणून? किती वेळा सांगितलं होतं? अक्कल कुठे गहाण टाकली होतीस? सात वर्षं! सात वर्षं मी हिला जपली आणि तू सात मिनिटांत वाट लावलीस तिची! काळं फासलंस तू मला सगळ्यांसमोर!"

पद्मिनीबाईंच्या हातातला ट्रे खाली आला. "मला काय माहीत," त्या म्हणाल्या. "मी आपली काळजीपोटी..."

"नको तुझी काळजी! नको!"

पोर्चमध्ये कुणाला शब्द कळला नव्हता, पण आई-लेकीचं भांडण काय, कुठल्याही भाषेत कळतंच. डेस्मंड हळूच म्हणाले, "मला कळेल का, काय झालं ते? म्हणजे हे माझ्या हातून झालंय. चुकलोच मी. पण हा डाग आला कुठून?"

सगळे विद्याकडे बघत होते. नोरीनबाई, स्टुअर्ड, जेंशियनवाले, लाल कार्डवाले. आजपर्यंत या माणसांनी तिच्याकडे असं एकत्र कधी बघितलं नव्हतं. आणि इथे, बघा, काय झालं. मराठीत जे तोंडातून आगीसारखं बाहेर पडत होतं, तेच इंग्रजीत सांगायला घेतलं आणि त्याचा विनोद झाला.

"माझी आई," विद्या म्हणाली आणि कपाळाला हात लावला. "माझ्या आईनं तिच्या डोळ्यातलं काजळ लावलं त्याला. आमच्याकडे लहान बाळांना लावतात, कुणाची वाईट नजर लागू नये म्हणून. तिला वाटलं, तुमची नजर लागेल."

कुणीतरी फिसकन हसलं.

"झाडाला?" नोरीनबाई म्हणाल्या.

"झाडाला!" विद्या म्हणाली. "काय करणार? खेड्यातली बाई आहे. तिला सगळं बाळच वाटतं. उद्या गाडीला पण लावेल. लॅपटॉपला लावेल."

मग मात्र हशा पिकला. नोरीनबाईंनी डोळे पुसले. "अरे देवा, काय गोड आहे!" लाल कार्डवाला म्हणाला, "डेस्मंडच्या नजरेपासून वाचवायला हवंच होतं," त्यावर पुन्हा हशा. विद्या हसली. मोठ्यांदा हसली. हसता हसता तिनं करंगळी डोळ्याला लावून, वाकून, म्हातारीसारखं ओठ पुढे काढून मेंढीला तीट लावायची नक्कलसुद्धा करून दाखवली, आणि हशा आणखी वाढला. खेड्यातली बाई म्हणे! पद्मिनीबाईंची अख्खी नोकरी साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. विद्याला ते माहीत नव्हतं का? पण बोलता बोलता गेलं तोंडातून, आणि गेलं ते बरं वाटलं.

पुढचं सगळं झटपट झालं. डेस्मंडनी स्वतः कुंडी उचलून आत नेली. टिपकागद आणला, ओली बाजू हलक्या हातानं टिपली, म्हणाले, वारा लागू दे, वाचेल बहुतेक. निकाल बदलता येत नाही, पण परीक्षकाला एक खास कार्ड देता येतं, ते त्यांनी दिलं, आणि मेंढी मधल्या मोठ्या टेबलावर बसली. सगळा हॉल तिच्याभोवती. "वाळू कुठली वापरतेस?" "हिवाळ्यात पंखा लावतेस का?" "बी कधी पेरलंस?" विद्या सांगत होती आणि माणसं ऐकत होती. हेच हवं होतं तिला. हे असंच, शब्दन् शब्द.

"न्यूजलेटरसाठी फोटो हवा!" नोरीनबाई मोबाईल काढून म्हणाल्या. "झाड, तू आणि तुझी आई. आईला सांग ना, बोट डोळ्याला लावून उभी राहील का? तेवढं एकदा करून दाखव म्हणावं."

विद्यानं वळून बघितलं. आई हॉलात नव्हती. चहाच्या खोलीतही नव्हती. टेबलावर वड्यांचे ट्रे रिकामे होते आणि घरून आणलेले डबे नव्हते.

गाडीचं कुलूप उघडंच राहिलं होतं. पद्मिनीबाई पुढच्या सीटवर पट्टा लावून बसल्या होत्या, मांडीवर रिकामे डबे. चेहरा रुमालानं खसाखसा पुसलेला, काजळ पार गेलेलं. विद्या ड्रायव्हरच्या बाजूनं आत बसली आणि दार ओढून घेतलं. राग अजून उरला होता तिच्यात. तो तिनं पुन्हा पेटवला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

"न सांगता निघून आलीस? मी शोधतेय सगळीकडे."

पद्मिनीबाई समोर बघत होत्या.

"आता तू रुसून बस. म्हणजे चूक तुझी आणि समजूत मी काढायची. झाड मरता मरता वाचलंय, कळतंय का तुला? तुला सांगून ठेवलं होतं. एकच गोष्ट सांगितली होती मी!"

"चुकलंच माझं," पद्मिनीबाई म्हणाल्या. "हजारदा चुकलं. झाडाला हात लावायला नको होता. शिव्या दिल्यास, त्या घेतल्या मी. आईला नाही तर कुणाला देणार?"

"मग झालं तर! मग इथे येऊन कशाला बसलीस? चल आत, फोटो काढायचाय."

"बोट डोळ्याला लावून?"

विद्या थबकली. "तुला कसं कळलं?"

"कसं म्हणजे?" आता पद्मिनीबाई वळल्या. त्या रडत नव्हत्या. त्या भयंकर चिडल्या होत्या. विद्यानं आईला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "तूच नक्कल करून दाखवलीस, आता त्यांना खरी बघायची असणार. आणि कान फुटलेत का माझे? जन्मभर कानाला यंत्र लावून लोकांचे फोन जोडले मी. या लोकांचं इंग्रजी मला कळत नाही, तोंडातल्या तोंडात बोलतात मेले. पण तुझं कळतं. तुझं शब्दन् शब्द कळतं. खेड्यातली बाई. लॅपटॉपला काजळ लावेल. वाकून दाखवत होतीस ना मी तीट कशी लावली ते?"

"आई, मी... तो एक विनोद होता. वातावरण जरा..."

"त्यांचं सोड. ते हसले तर हसले, मी कुठे ओळखते त्यांना? उद्या मला ते विसरतील. माझे वडे खाल्लेत, सुखी राहोत." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "पण त्या सगळ्यांत मोठ्यांदा तू हसत होतीस, विद्या."

विद्याला मराठीतलं काही आठवेना, आणि इंग्रजीतलं बोलायची आता सोय नव्हती. तिनं स्टिअरिंग घट्ट धरलं, उगाचच वायपर चालू केला. काच पुसली गेली तशी समोर हॉलच्या दारात नोरीनबाई दिसल्या. मोबाईल उंच धरून, हसत हसत, त्या हातानं तिला लवकर आत ये म्हणून खुणावत होत्या. त्यांच्यामागे फोटोसाठी सगळे जमून थांबले होते.

"जा," पद्मिनीबाई म्हणाल्या. "बोलावतायत तुला."